माझा गाजलेला खोकला

हे हातात घेतलेल्या कुणाला महिनाभर न हटलेला खोकला असेल, तर कागद इथंच खाली ठेवा, दवाखान्यात जाऊन या, आणि मग पुढचं वाचा. माझा हात पत्रकांवर तयार झालेला आहे. पत्रकात कामाची गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची असते, कारण दुसरी ओळ वाचेपर्यंत माणूस त्यात चणे बांधतो.

ज्यांचं निदान आधीच झालंय, ज्यांच्या उशाशी झाकणाची थुंकीदाणी आलीय, त्यांच्यासाठी बाकीचं लिहितो आहे. मला क्षय झाला होता. छातीत, आणि घशातसुद्धा. मी बरा झालो.

मी कोण

पोटासाठी मी पनवेलच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. पण माझं खरं काम नकला करण्याचं. शाळेत गणिताच्या मास्तरांची नक्कल केली म्हणून मार खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी मारणाऱ्या मास्तरांची नक्कल केली. पुढं गणपतीत, हळदीच्या मांडवात बोलावणी येऊ लागली. माझ्याजवळ पेटी नाही, तबला नाही, तोंडाला रंग नाही. एकट्यानं उभं राहायचं आणि बोलायचं. लोक हसले नाहीत तर लपायला पडदासुद्धा नसतो.

मग मी मिठागर कामगारांच्या संघटनेत गेलो. आमच्या खाडीच्या कडेनं जी मिठागरं आहेत, तिथं बाया भर उन्हात डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहतात. पायांना चिरा पडलेल्या, चिरांत मीठ, आणि मैलभरात प्यायला गोडं पाणी नाही. आमची मागणी एवढीच, की गोड्या पाण्याचं एक टाकं बांधा. मी पत्रकं छापून नेली. बायांनी ती कौतुकानं घेतली आणि भाकऱ्यांखाली अंथरली. वाचता कुणाला येत होतं? तेव्हा मी एक टोपली पालथी घातली, तिच्यावर उभा राहिलो आणि दुपारच्या सुट्टीत मागणी नकलेतून सांगायला लागलो.

त्यातली सगळ्यांत गाजलेली नक्कल म्हणजे कारभाऱ्याचा खोकला. मिठागराचा मालक मुंबईत, इथं त्याचा कारभारी. आम्ही निवेदन घेऊन त्याच्या पडवीत गेलो आणि 'टाकं' हा शब्द काढला, की तो खोकायला लागायचा. रुमाल तोंडाला, दुसरा हात हवेत, 'जा, जा'. खोकला संपला की एक शब्द न बोलता आत निघून जायचा. काय ढोंगी माणूस आहे, म्हणून आमचं रक्त उकळायचं.

तो खोकला मी उचलला. फुकट नाही उचलला. दोन महिने काही ना काही निमित्त काढून त्याच्या पडवीत, त्याच्यापासून तीन हातांवर बसत होतो. खोकला कुठून सुरू होतो, खांदा कधी उडतो, डोळे कधी मिटतात, सगळं टिपून घेतलं. मी तो करू लागलो की बाया हसून मिठात लोळायच्या. टोपलीवर पाय ठेवायच्या आधीच आरडाओरडा सुरू व्हायचा, "सदूभाव, खोकला! खोकला करा!"

उस्माननं सायकल थांबवली

माझा खरा खोकला कधी सुरू झाला ते मला सांगता येत नाही, आणि याची मला अजून लाज वाटते. घरी खोकलो की बायको, मंजुळा, चुलीपाशी बसून म्हणायची, "पुरे आता! मना पाठ झाली तुमची नक्कल." आमची तीन वर्षांची मुलगी माझ्यामागं तस्संच खोकून दाखवायची आणि आम्ही तिघं हसायचो. छापखान्यात खोकलो की जोडीदार म्हणायचे, तालीम चाललीय. मलाही तसंच वाटायचं. घसा बसला, तर सभा जास्त झाल्या. वजन उतरलं, तर ऊन लागलं.

मला सभांना नेणारा माझा दोस्त उस्मान. तळ्यापाशी त्याचं सायकलचं दुकान आहे. एकदा कळंबोलीच्या बाजूच्या मिठागरावरून आम्ही परत येत होतो, मी मागं कॅरिअरवर.

"सदूमियाँ, आज खोकला तर कमाल केलास," तो म्हणाला. "एकदम अस्सल. बाया रडत होत्या हसून."

"उस्मान, आज मी खोकला केलाच नाही. आज फक्त मामलेदार केला."

त्यानं पाय टेकून सायकल थांबवली. मागं वळून माझ्याकडं बघितलं. "मग ते मध्ये मध्ये काय होतं?"

त्यानं सायकल घराकडं न नेता सरळ दवाखान्याकडं वळवली आणि वाटेत एक शब्द बोलला नाही. उस्मान गप्प बसला म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला क्ष-किरणाच्या आधी कळलं.

डॉक्टर म्हणाले, "खोका." मी खोकलो. त्यांच्या कंपाउंडरनं माझा कार्यक्रम पाहिलेला होता. तो हातातली बाटली ठेवून फिस्सकन हसला. डॉक्टर हसले नाहीत.

फोटो वगैरे झाल्यावर त्यांनी सांगितलं. रोगाचं नाव त्यांनी स्पष्ट घेतलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आपल्याकडं डॉक्टरसुद्धा 'छाती जरा नाजूक आहे' म्हणतात आणि माणूस दोन वर्षं नाजूक छाती घेऊन फिरतो. पुढं ते म्हणाले, "घशातही उतरलाय. आजपासून बोलणं बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"किती दिवस?"

"हा तुमचा शेवटचा प्रश्न," ते म्हणाले.

मी टेबलावरचा कागद ओढून लिहिलं: आवाज परत येईल का?

त्यांनी तो वाचला. "गप्प राहिलात तर कदाचित येईल. बोललात तर नक्की जाईल."

मरणाची भीती मला त्या दिवशी वाटली नाही, हे बढाई म्हणून सांगत नाही. तेवढी जागाच शिल्लक नव्हती. मी आवाजावर उभा असलेला माणूस. तो काढून घेतला तर खाली काय उरतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दारावरचा कागद

संघटनेतल्या एका वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी सल्ला दिला, "पोटाचं दुखणं आहे म्हणून सांग. चळवळीचं नाव आहे." माझं डोकं फिरलं. बोलता येत नव्हतं म्हणून ते वाचले. मी छापखान्यात गेलो, स्वतः खिळे जुळवले, एक कागद छापला आणि दवाखान्यात भरती व्हायला निघताना घराच्या दारावर डकवला:

'या घरातल्या माणसाला क्षय झाला आहे. तो उपचारांसाठी गेला आहे. बायको व मुलगी यांची तपासणी झाली असून दोघी ठणठणीत आहेत. भांडी उकळली आहेत. आणखी काही विचारायचं असेल तर कुजबुजू नये, दार वाजवावं.'

मला वाटलं, काय निर्भीड काम केलं. मंजुळेनं तो कागद टराटरा फाडला.

"तुमी चाललंव तिकडं, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात निजायला. हितं आमी रेनार. मना विचारलंव? लग्नाची पत्रिका छापल्यागत दारावर लावलाय!"

तिचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या दारावर धैर्य डकवणं सोपं असतं, आणि ते दार आता तिचं होतं. बोलण्याऐवजी आता हाताशी पाटी होती, तिच्यावर मी लिहिलं, 'चुकलो.' तिला वाचता येत नव्हतं. मला न्यायला आलेल्या उस्माननं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, मना कललंय."

पुढं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. चार दिवसांनी विहिरीवर शेजारणीनं तिचा हंडा बाजूला सारला. तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. तिनं भावाला जेवू घातलं, परत पाठवलं, आणि उस्मानकडून त्या कागदाची दुसरी प्रत मागवून भाताच्या पेजेनं स्वतःच्या हातानं दारावर चिकटवली. कागद लागल्याच्या तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा दार वाजलं. तीच शेजारीण. तिच्या नवऱ्याला ताप येत होता.

वऱ्हांडा

आमचं आरोग्यधाम नेऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. लांबलचक वऱ्हांडा, खाटांची एक रांग, खिडक्या कायम उघड्या. सहाला थर्मामीटर, मग सुई, मग त्या मोठ्या मोठ्या गोळ्या, ज्या गिळताना माणूस आपली सगळी पापं कबूल करील. दोन अंडी, दूध. दुपारी दोन तास सक्तीचं पडून राहणं. चारला पुन्हा थर्मामीटर. रविवारी वजनकाटा. वजनाचा दिवस म्हणजे शाळेचा निकाल. पाऊण पौंड वाढलेला माणूस पेढे वाटल्यासारख्या चेहऱ्यानं फिरायचा.

नव्यानं भरती होणाऱ्यांना सांगतो, पहिले पंधरा दिवस वाईट असतात. तुम्ही खाटेवर पडून बाहेरच्या जगाचा हिशेब लावत बसता, की आता सभा चालली असेल, आता मुलगी जेवत असेल. सोळाव्या दिवशी तुम्हाला शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या वजनाची काळजी वाटायला लागते. त्या दिवसापासून तुम्ही सुधारायला लागलात असं समजा.

मी नकलाकार आहे हे आठवड्यात फुटलं. "काहीतरी करा हो, मास्तर," मंडळी मागं लागली. तोंड उघडायचं नव्हतं. पण आमची सिस्टर थर्मामीटर झटकताना कोंबडी मानेनं दाणे टिपते तशी मान हलवायची. मी नुसती मान हलवली. मग मोठे डॉक्टर पाठीमागं हात बांधून येतात, छातीचा फोटो उजेडात धरतात आणि तो उलटा आहे हे लक्षात आल्यावर गंभीरपणे सुलटा करतात, तेवढं केलं. वऱ्हांडा हसला. हसला म्हणजे खोकला, कारण तिथं एकापाठोपाठ दुसरं येतंच. बारा माणसं एकदम खोकत असताना डॉक्टर आले.

"कुणी हसवलं?"

बारा बोटं माझ्याकडं.

"हसणं हे इथं औषध नाही, समजलं? छाती फाटते." त्यांनी माझी खाट उचलून टोकाला, पडद्यालगत टाकायला लावली. दुपारी तीच सिस्टर माझ्यापाशी आली, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "मी खरंच अशी मान हलवते?" मी मान डोलावली. ती तोंडावर हात ठेवून हसली आणि त्या दिवशी मला एक अंडं जास्त आलं.

माझी नक्कल कोण करतंय?

पडद्यापलीकडं एकच खाट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून खोकला ऐकू आला आणि मी ताडकन उठून बसलो. माझा खोकला! म्हणजे माझी नक्कल. तोच सूर, तोच चढ, खांदा उडतो तिथं तीच मोड. माझा गाजलेला प्रकार माझ्याच पलीकडं कुणीतरी खुशाल उचलून करतोय! मी चिडून पडदा सारला.

खाटेवर कारभारी होता.

अर्धा झालेला. रुमाल तोंडाला, एक हात हवेत. तो हात 'जा, जा' म्हणत नव्हता. तो श्वास शोधत होता.

खोकला थांबल्यावर बराच वेळ त्यानं नुसता श्वास घेतला. मग म्हणाला, "तू तो टोपलीवरचा. एकदा बांधामागं उभा राहून मी तुझी नक्कल बघितली."

मी पाटी पुढं ओढली.

"चांगली करतोस," तो म्हणाला. "फक्त शेवट चुकतो. खोकला संपला की तू लगेच हसं घ्यायला लोकांकडं बघतोस. मी तिथं थांबतो. एक आचका देतो, बारीक. तो नसला तर खोकला खोटा वाटतो."

आयुष्यात माझ्या नकलेवर एवढी नेमकी टीका कुणी केली नव्हती.

मी लिहिलं: 'टाक्याचं नाव काढलं की खोकायचात.'

"तुम्ही वीस जण एकदम पडवीत शिरून ओरडायचात. बोलायला गेलो की उबळ यायची. मग बोलायला दमच राहायचा नाही."

'सांगितलं का नाही?'

"क्षयाचा माणूस कारभारी म्हणून कोण ठेवतो रे? तुझी संघटना ठेवेल?"

मी पाटी पुसली. आमच्या पुढाऱ्यांचं ते 'पोटाचं दुखणं' मला आठवलं.

हा रोग मला त्याच पडवीत लागला का, हे मी डॉक्टरांना लिहून विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कुठंही लागू शकतो. त्यांचं म्हणणं मी मानतो. पण मी दोन महिने तीन हातांवर बसून त्या माणसाचा प्रत्येक श्वास अभ्यासला, आणि तो आजारी आहे एवढं मात्र मला दिसलं नाही. इतकं बारीक बघणारा मी, आणि इतका आंधळा. त्यालाही मी माफ वगैरे केलं नाही. आजार लपवून तो वर्षानुवर्षं माणसांत खोकला, हे वाईटच. पण ज्या जगानं त्याला लपवायला लावलं, त्याला मी जास्त वाईट म्हणतो, आणि त्या जगात टोपलीवर उभा राहून हशा घेणारा मीही आलो.

आम्ही चार महिने शेजारी राहिलो. तो बोलायचा, मी लिहायचो. त्याच्याकडं बुद्धिबळ होतं. तो मला रोज हरवायचा आणि रोज म्हणायचा, "बघ, मालकाचा माणूस." मंजुळा रविवारी तांदळाच्या भाकऱ्या आणायची, त्यातली एक त्याच्याकडं जायची. तिला सगळं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्यांच्याकरं कोन नाय येत वाटतं." पुढच्या वेळी दोन भाकऱ्या जास्त होत्या.

तो माझ्या आधी घरी गेला, मुलीकडं, पुण्याला. चालत गेला. जाताना म्हणाला, "माझा खोकला आता करू नकोस. तुझा स्वतःचा झालाय, तो कर."

पहिला शब्द

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, "एक शब्द बोला. एकच."

रविवार होता, मंजुळा समोर होती. मी महिनाभर ठरवत होतो की पहिला शब्द तिचं नाव. आमच्यात नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. तेच मोडायचं होतं. तोंड उघडलं आणि भीतीनं निघालं ते, "चहा."

जाडा, घोगरा, माझ्या ओळखीचा नसलेला आवाज.

मंजुळा दचकली. "यो कुनाचा आवाज?"

"माझाच."

तिनं विचार केला. "बरा हाय. आता कमी वराडाल."

आणि मग ती वऱ्हांड्याच्या खांबामागं गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

जुना आवाज आला नाही. बायकांचे आवाज गेले, लहान मुलांचे गेले, मामलेदारही गेला, कारण तो चिरका होता. मी त्यांच्यासाठी थोडे दिवस कुढलो. मग लक्षात आलं की या नव्या आवाजात जोरात ओरडता येत नाही, म्हणून लोकांना जवळ सरकून ऐकावं लागतं. जवळ सरकलेली माणसं लवकर हसतात. मी तक्रार करत नाही.

पुन्हा टोपलीवर

पहिला कार्यक्रम त्याच मिठागरावर, दुपारच्या सुट्टीत. उस्मान सायकल हळू चालवत होता, जसं काही मागं अंडी बांधलीत. टोपलीवर उभा राहिलो तशी आरोळी आली, "सदूभाव, खोकला!"

"तो माणूस आजारी होता," मी म्हणालो. "आणि मीही. तो खोकला बंद. आज सिस्टर बघा."

मी थर्मामीटर झटकला. उलटा फोटो धरला. मोठ्या गोळ्या गिळल्या. वजनकाट्यावर दम रोखून उभा राहिलो. बाया हसत होत्या, आणि माझ्या छातीत काही दुखत नव्हतं. पाच महिने ज्याची वाट बघितली ते ऊन, ते मीठ, तो हशा, सगळं जागच्या जागी होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून खोकला आला.

"बगा, आता चांगुणा नक्कल कराया लागली!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खदखदल्या. चांगुणा, मीठ वाहणारी, तिशीची बाई, तीही हसली आणि पुन्हा खोकली. मी ऐकत राहिलो. शेवटी, सगळं थांबल्यावर, एक बारीक आचका. मी विसरायचो तोच.

जुना मी असतो तर टोपलीवरून जाहीर करून मोकळा झालो असतो. दारावरचा फाटलेला कागद आठवला. मी कार्यक्रम तसाच पुढं नेला, शेवटचा हशा घेतला, खाली उतरलो आणि बाया पांगल्यावर तिच्यापाशी गेलो.

"कधीपासून खोकतेस?"

"दिवाली झाल्यापास्ना. मिठानं व्हतंय."

"मलाही ऊन लागलंय असंच वाटत होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. "मना कामावरनं कारतील."

"काढू देणार नाही," मी म्हणालो. नव्या घोगऱ्या आवाजात ते घोषणेसारखं वाटलं नाही. बरंच झालं, कारण ती घोषणा नव्हतीच. पडवीत खोकत बसलेल्या एका माणसाला हे वाक्य कुणीतरी वेळेवर म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्माननं तिला कॅरिअरवर बसवलं, मी बाजूनं चालत होतो. मंजुळा दवाखान्याच्या दारात भेटणार होती, बाईसोबत बाई हवी म्हणून. टाकं अजून बांधलेलं नाही. त्याचं वेगळं पत्रक आहे, तेही वाचा.

वाटेत चांगुणा एकदम म्हणाली, "सदूभाव, माजी नक्कल कराल नाय?"

"करीन की. तू बरी झालीस म्हणजे, तुला पहिल्या रांगेत बसवून."

ती हसली. हसता हसता उबळ आली, तसा तिनं पटकन पदर तोंडावर धरला आणि उस्मानच्या पाठीकडून मान दुसरीकडं वळवली. तेवढं मी तिला निघताना शिकवलं होतं.